तळ्याची माणसं

तर झालं असं, की सहाव्या सेमिस्टरच्या सेमिनारसाठी आमच्या सरांनी टॉपिकच्या चिठ्ठ्या काढायला लावल्या. विषय एकच, 'भूकंपात टिकणारी पारंपरिक घरं', फक्त प्रदेश वेगवेगळे. माझा रोल नंबर शेवटून दुसरा. माझी पाळी येईपर्यंत कच्छचे भुंगे गेले, हिमाचलची काठकुणी घरं गेली, जपानचे पॅगोडे तर पहिल्याच फटक्यात गेले. माझ्या चिठ्ठीत लिहिलं होतं: तोरोगान, लानाओ देल सूर, फिलिपिन्स.

मी सरांना विचारलं, "सर, हे घराचं नाव आहे की गावाचं?"

सर म्हणाले, "तेच शोधून आण."

सेमिनार वीस मिनिटांत संपला. शोधलेलं मात्र डोक्यातून गेलं नाही, म्हणून मॅगझिनच्या संपादकांनी 'काहीतरी मराठीत दे रे' म्हटल्यावर हेच द्यायचं ठरवलं. घराच्या निमित्ताने मी एका तळ्यापाशी पोचलो आणि तिथेच अडकून पडलो, असं समजा.

फिलिपिन्सच्या दक्षिणेला मिंडानाओ नावाचं मोठं बेट आहे. त्या बेटाच्या वरच्या अंगाला, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, डोंगरांच्या मधे एक तळं आहे. क्षेत्रफळ साधारण ३४० चौरस किलोमीटर, जास्तीत जास्त खोली ११२ मीटर. स्थानिक भाषेत 'रानाओ' म्हणजे तळं, आणि तळ्याकाठची माणसं ती 'मारानाओ'. स्पॅनिश लोकांच्या तोंडी रानाओचं लानाओ झालं. १९१४ मध्ये अमेरिकन राजवटीत लानाओ प्रांत झाला, १९५९ मध्ये त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले. तळं दक्षिणेच्या वाट्याला आलं. लानाओ देल सूर म्हणजे दक्षिण लानाओ. २०२० च्या जनगणनेत तिथे सुमारे १२ लाख माणसं होती आणि दहातली नऊहून जास्त मुसलमान. बाकी फिलिपिन्स देश बहुसंख्येने कॅथलिक, हे लक्षात ठेवा. पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यावरून लागतात.

हे तळं कसं झालं याची त्यांची एक गोष्ट आहे, आणि ती मेकॅनिक्सच्या पहिल्या युनिटमध्ये शोभेल अशी आहे. पृथ्वीचे दोन सारखे भाग होते, एक उगवतीचा, एक मावळतीचा. उगवतीकडच्या मांतापोली नावाच्या राज्यात माणसं इतकी वाढली की जगाचा तोल जायला लागला. मग जिब्राईल देवदूताने (ते त्याला दियाबाराईल म्हणतात) वर जाऊन खबर दिली, आणि देवदूतांनी ते अख्खं राज्य उचलून मधोमध नेऊन ठेवलं. मोमेंट बॅलन्स! राज्य जिथून उचललं तिथे खड्डा पडला, त्यात पाणी साचलं. पाणी इतकं चढत गेलं की सगळं बुडेल अशी वेळ आली. तेव्हा वाऱ्यांना बोलावून त्या पाण्याला वाट फोडायला लावली. ती वाट म्हणजे आगुस नदी. त्या वाऱ्यांतल्या एकाचं नाव तौपान. हे वाचून मी मोठ्याने 'तुफान!' म्हटलं आणि लायब्ररीतल्या मॅडमनी वर बघितलं.

गोष्ट सोडा, भूगोल खरा आहे. तळ्यात पाणी आणणाऱ्या नद्या पुष्कळ, पण बाहेर जायला वाट एकच, ही आगुस. मारावी शहरापाशी ती तळ्यातून निघते आणि पस्तीस-छत्तीस किलोमीटरमध्ये ७०० मीटर उतरून इलिगानच्या समुद्राला मिळते. आता इथे हॉस्टेलमधल्या इलेक्ट्रिकलवाल्यांचे कान टवकारले असतील. त्यावर येतोच, आधी घर.

तोरोगान म्हणजे तिथल्या सरदार-सुलतानांचं घर. साध्या माणसाने असं घर बांधायचं नाही, तो मान ठरलेला. आत भिंती नाहीत, एकच मोठं दालन. कचेरी तिथेच, लग्नं तिथेच आणि झोपायचंही तिथेच. जमिनीपासून उंच उचललेलं. खांब म्हणजे अख्ख्या झाडांचे बुंधे, दोन हातांत न मावणारे. आणि मुख्य गंमत अशी, की खांब जमिनीत पुरलेले नाहीत. ते मोठाल्या गोल दगडांवर नुसते उभे आहेत! आपल्या जुन्या वाड्यांत खांबाखाली तळखडा असतो ना, त्याच जातीचं काम, फक्त इथे दगड घडवलेला नाही. जमीन हलली की दगड हलतो आणि खांब त्यावर थोडा सरकतो, डुलतो. जमिनीचा सगळा धक्का घराच्या अंगात शिरत नाही. सांधे खिळ्यांनी ठोकलेले नाहीत, लाकूड लाकडात अडकवलेलं आहे, त्यामुळे तेही थोडं हलून घेतं. आपण ज्याला बेस आयसोलेशन म्हणतो आणि रबराचे बेअरिंग घालून करतो, त्याचा हा आजोबा. (सेमिनारमध्ये हे वाक्य टाकल्यावर सर पहिल्यांदा हसले.)

भूकंपाची सवय त्या मुलखाला आहेच. १ एप्रिल १९५५ ला लानाओत सुमारे ७.४ रिश्टरचा भूकंप झाला, चारशेहून अधिक माणसं गेली. त्यात तळ्याचा काठच खचून पाण्यात गेलेले पुष्कळ. मारान्ताओ गावातलं 'कावायान तोरोगान' १९१७ मध्ये बांधलेलं, म्हणजे ते या भूकंपातून गेलेलं. २००८ मध्ये फिलिपिन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाने त्याला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून जाहीर केलं. आज अशी घरं फार थोडी उरली आहेत. बुंधेच मिळत नाहीत, आणि एवढं मोठं लाकडी घर सांभाळायचा खर्च कुणाला परवडतो? आपल्या वाड्यांचं काय झालं ते बघतोच आहोत.

घराच्या पुढच्या अंगाला जोत्याच्या तुळयांची टोकं बाहेर काढून वर वळवलेली असतात, नावाड्याने नावेचं नाक वर काढावं तशी. त्याला पानोलोंग म्हणतात. त्यावर जे कोरलेलं असतं त्याला ओकिर म्हणतात: वेलबुट्टी, नेचाचे उलगडणारे कोंब, आणि वळणं घेत जाणारा एक लांबलचक प्राणी. त्या प्राण्याचं नाव काय, तर नागा. फोटो झूम करून बघितला, नागच आहे.

इथपासून माझा सेमिनार भरकटला.

कारण एक नाग सापडल्यावर मी त्यांच्या शब्दांच्या मागे लागलो. राजाला ते रादिया म्हणतात. राजकन्येला पोत्री. शिकवणाऱ्याला गुरो. भाषेला बासा. नरकाला नाराका. आणि रमझानच्या उपासाला पुआसा, म्हणजे चक्क आपला उपवास! माझा पार्टनर मिरजेचा, घरी सगळे रोजे धरणारे. त्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे तिकडे रोजा नाही म्हणत? मग मी तिकडे गेल्यावर उपास आहे म्हटलं तरी चालेल." चालेल. हे शब्द मलय मुलखातल्या व्यापाऱ्यांबरोबर आणि राजदरबारांबरोबर बेटाबेटांवरून तिकडे गेले, इस्लाम यायच्या आधी. इस्लाम तिथे सोळाव्या शतकात पसरला. मारानाओ सरदारांच्या वंशावळी जोहोरहून आलेल्या शरीफ काबुंगसुवानपर्यंत जातात. नवा धर्म आला म्हणून जुने शब्द कुणी टाकून दिले नाहीत, त्यांनाच नव्या कामाला लावलं.

याचा सगळ्यात मोठा मासला म्हणजे 'महारादिया लावाना'. नावावरून ओळखलंत? महाराजा रावण! १९६० च्या दशकाच्या शेवटी हुआन फ्रान्सिस्को या फिलिपिनी अभ्यासकाला मारानाओ लोकांत ही गोष्ट मिळाली, आणि नागासुरा मादाले या मारानाओ अभ्यासकाच्या मदतीने त्यांनी ती इंग्रजीत आणली. (अभ्यासकाचं नाव पण बघा.) गोष्टीतल्या रावणाला आठ तोंडं. त्याच्या बापाने, म्हणजे सुलतानाने, त्याला चहाडखोरपणाबद्दल बेटावर हाकलून दिलंय. तिथे तो स्वतःला जाळून घ्यायला निघतो, तेव्हा दियाबाराईल देवदूत मधे पडतो आणि त्याला मरण कशाने येईल ते ठरतं: त्याच्याच वाड्यात लपवलेल्या एका सहाणेवर पाजळलेल्या शस्त्राने, दुसऱ्या कशानेही नाही. राम आहे रादिया मंगांदिरी, लक्ष्मण रादिया मंगावार्ना. दोघं आगामा न्योगच्या सुलतानाचे पोरगे. सीतास्वयंवर आहे, पण धनुष्य नाही. तिकडे वेताचा चेंडू पायाने उडवत ठेवायचा 'सिपा' नावाचा खेळ आहे. जो चेंडू लाथेने उडवून राजकन्येच्या खोलीत पोचवेल त्याला राजकन्या मिळणार! सोन्याच्या हरणाच्या जागी सोनेरी शिंगांचा बोकड आहे. आणि हनुमानाचं नाव काय ठेवलंय? लक्सामाना. हा माकड लक्सामाना रामाचाच मुलगा आहे, आणि शेवटी त्याचा देखणा तरुण होतो.

हे सगळं मी मेसमध्ये सांगितलं तेव्हा आमच्या टेबलावर दोन तट पडले. एक म्हणाला, "किती चुका केल्यात रे!" दुसऱ्याचं म्हणणं, "चुका कसल्या, त्यांनी ती आपली केली." मी दुसऱ्या बाजूचा. मुसलमान गावात, मुसलमान सांगणाऱ्याच्या तोंडून, फुटबॉलसारखा स्वयंवर असलेलं रामायण जिवंत राहिलं, यात चूक शोधायला मला तरी जमत नाही.

त्यांचं स्वतःचं महाकाव्य वेगळंच. त्याचं नाव दारांगेन. १७ सर्ग, ७२ हजार ओळी. नायक बांतुगान. लग्नात वगैरे रात्र रात्र गायचं, जुन्या वळणाच्या भाषेत, जी आजच्या पोरांना नीटशी कळत नाही. युनेस्कोने २००५ मध्ये त्याला मानवजातीचा वारसा म्हणून निवडलं. मारावीतल्या मिंडानाओ स्टेट युनिव्हर्सिटीने ते लिहून, छापून काढलं. ही युनिव्हर्सिटी १९६१ ची, मुद्दाम तिथे काढलेली, मुसलमान आणि ख्रिश्चन पोरं एका वर्गात बसावीत म्हणून. हॉस्टेल लाइफ तिकडेही आहे. फक्त उंचीमुळे हवा गार, स्वेटर लागतो.

पोरांच्या कामाची एक गोष्ट मधेच सांगतो. मालोंग नावाचं त्यांचं कापड असतं, दोन्ही टोकं शिवून नळी केलेली मोठी लुंगी समजा. नेसा, पांघरा, आत उभं राहून कपडे बदला, झाडाला बांधून पाळणा करा, बाजारातून सामान भरून आणा. हॉस्टेलवाल्याला याहून काय लागतं? आणि जेवताना पालापा: साकुराब नावाच्या कांद्याच्या पातीचा पांढरा भाग, आलं आणि मिरची कुटून, वर भाजलेलं खोबरं. म्हणजे कोल्हापुरी ठेचा आणि खोबऱ्याची चटणी यांचं लग्न लागलंय. आमच्या मेसच्या मावशींना सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, "आधी आहे ते ताटात टाकायचं बंद करा."

असो. इतिहासाकडे येतो.

या मुलखाला कधीच एक राजा नव्हता. चार भाग होते, बायाबाओ, मासिऊ, उनायान आणि बालोई. त्यांना मिळून 'तळ्याकाठचे चार तळ' अशा अर्थाचं नाव आहे. प्रत्येकात अनेक सुलतान, सगळे एकमेकांचे सोयरे, कुणीच कुणाच्या वर नाही. निर्णय घ्यायचा तर बसून, बोलून, वंशावळी मोजून. याचा तोटा उघड आहे. फायदा असा, की बाहेरून येणाऱ्याला कुठला किल्ला घेतला म्हणजे मुलूख घेतला, तेच कळत नाही. १६३९ मध्ये स्पॅनिश फौज तळ्यापर्यंत चढली, आणि पुढच्याच वर्षी किल्ला सोडून खाली उतरली. नंतर जवळजवळ अडीचशे वर्षं ते वर फिरकले नाहीत.

१८९१ मध्ये आले, आणि १८९५ मध्ये पुन्हा आले, या वेळी आमच्या ब्रँचच्या तयारीने. ७०० मीटर उंचीवरच्या तळ्यात युद्धनौका कशी नेणार? तर वाफेवरच्या गनबोटी सुट्या भागांत इलिगानहून डोंगर चढवून नेल्या आणि तळ्याकाठी जोडून पाण्यात सोडल्या. त्या वर्षी मारावीचा किल्ला लढवताना दातू आकादिर ऊर्फ अमाई पाकपाक मारला गेला. आज मारावीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाला त्याचंच नाव आहे. तीनच वर्षांत, १८९८ मध्ये, स्पेनचं राज्य संपलं आणि जाताना त्यांनी त्या गनबोटी त्याच तळ्यात बुडवल्या. मग अमेरिकन आले, आणि त्यांनी त्या वर काढून वापरल्या! बोट तीच, तळं तेच, फक्त झेंडा बदलला.

२ मे १९०२ ला तळ्याच्या दक्षिण काठावर बायांगची लढाई झाली. सुलतानासकट शेकडो मारानाओ एका दिवसात गेले. पुढे हळूहळू रस्ते, शाळा, छावणी. १८ मार्च १९३५ ला, फिलिपिन्सला स्वातंत्र्य द्यायचं घाटत असताना, १२० मारानाओ पुढाऱ्यांनी दान्सालान गावातून (तेच आजचं मारावी) अमेरिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं की आम्हाला त्या राज्यात घालू नका. घातलंच. त्यानंतर मनिला सरकारने वसाहतीसाठी उत्तरेकडची माणसं आणली, १९७० च्या दशकात लढाई पेटली, वाटाघाटी झाल्या, १९८९ च्या कायद्याने एक स्वायत्त प्रदेश झाला आणि २०१९ मध्ये त्याच्या जागी जास्त अधिकारांचा बांगसामोरो स्वायत्त प्रदेश आला. हे मी पळवत नेतोय, कारण मला विजेवर यायचंय.

हिशेब साधा आहे. एक क्युमेक पाणी ७०० मीटर खाली सोडलं तर, सगळे लॉस विसरून, ६.८७ मेगावॅट. तळं ३४० चौरस किलोमीटर, म्हणजे त्याची एक मीटर पातळी म्हणजे ३४ कोटी घनमीटर पाणी. ते सगळं समुद्रापर्यंत उतरवलं तर कागदावर सुमारे ६५ कोटी युनिट वीज. आणि हे तळं निसर्गाने आधीच बांधून ठेवलेलं, धरणाचा खर्च नाही. कुठल्या इंजिनिअरच्या तोंडाला पाणी सुटणार नाही? १९५३ मध्ये मारिया क्रिस्टिना धबधब्यावर पहिलं केंद्र सुरू झालं. पुढे आगुसवर सात केंद्रांची माळ आखली, त्यातली सहा झाली (तिसरं झालं नाही). एकूण क्षमता ७२७ मेगावॅट. मिंडानाओची वीज कितीतरी वर्षं मुख्यतः याच माळेवर. खाली इलिगानमध्ये पोलाद, सिमेंट, खतं असे कारखाने उभे राहिले.

आणि वर? वर, नदी जिथे तळ्यातून निघते तिथे, पातळी ताब्यात ठेवायला नियंत्रणाचं बांधकाम आलं. एक मीटर म्हणजे खालच्याला ६५ कोटी युनिट. वरच्याला एक मीटर म्हणजे काठाची भातशेती एकदा पाण्याखाली आणि एकदा कोरडी. नाव लावायची जागा चिखलात. मशिदी पाण्यालगत बांधलेल्या, कारण नमाजाआधी हात-पाय-तोंड धुवायला तळंच. १९७० च्या दशकाच्या शेवटापासून तिथे तळं वाचवायची चळवळ झाली. तोंडाशी असलेलं आगुस-१ केंद्र म्हणूनच माळेतलं शेवटी सुरू झालेलं, १९९२ मध्ये. वीज देणाऱ्या तळ्याकाठी अंधार असायचाच. बिलं न भरणारेही तिथे बरेच, थकबाकी प्रचंड. त्यावर तिकडचा युक्तिवाद असा की तळं आमचं, पाणी आमचं, मग बिल कसलं? हा युक्तिवाद मी सेमिनारमध्ये मांडला तेव्हा वर्ग हसला. मला हसू आलं नाही. आमचं मूळ गाव एका धरणाच्या पाण्याखाली आहे, आणि ज्या नव्या गावठाणात माझे आजोबा आले तिथे दिवा लागायला पुढे कितीतरी वर्षं लागली. आबा अजूनही वीज गेली की शिवी देतात, ती धरणाला.

तळ्यातल्या माशांचं तर विचारू नका. १९२४ मध्ये आल्बर्ट हेर नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की या एका तळ्यात कार्प घराण्यातल्या लहान माशांच्या कितीतरी जाती आहेत, ज्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. एकाच पूर्वजापासून फुटलेल्या. कुणाचा जबडा पुढे आलेला, कुणाचे ओठ जाड. डार्विनच्या फिंच पक्ष्यांची पाण्यातली आवृत्ती. त्यांना मारानाओ नावं होती: पालाता, काटोलो, बितुंगु, मानालाक. हेरने जमवलेले मूळ नमुने दुसऱ्या महायुद्धात मनिलात जळाले. मग बाहेरून आलेले परके मासे तळ्यात वाढले, मासेमारी बेसुमार झाली. २०२० च्या डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने जाहीर केलं की तळ्यातल्या आणि त्याच्या नदीतल्या अशा १७ जातींपैकी १५ नामशेष झाल्या. उरलेल्या दोनही बहुधा गेल्याच.

आता एक शब्द राहिला, आणि तो मुद्दाम शेवटी ठेवलाय. माराताबात. मारानाओ माणसाला तू कोण असं विचारलं तर वंशावळीनंतर हाच शब्द येईल. इज्जत, दर्जा, कुळाचा मान, सगळं त्यात. ऐकल्यासारखं वाटतंय? आपल्या 'मानमरातब'मधला मरातब. मूळ एकच अरबी, एक फाटा फारसीतून आपल्याकडे आला, एक मलयमधून तिकडे गेला. आपल्याकडे तो लग्नपत्रिकेत आणि भाषणात उरला. तिकडे त्याच्यासाठी माणसं मरतात. कुळाचा अपमान झाला की बदला, बदल्याचा बदला. या भाऊबंदकीच्या वैराला रिदो म्हणतात. २००० नंतरच्या काही वर्षांत अभ्यासकांनी मोजणी केली: १९३० च्या दशकापासून २००५ पर्यंत मुस्लिम मिंडानाओ आणि आसपास १,२६६ रिदो, साडेपाच हजारांहून जास्त बळी. एकट्या लानाओ देल सूरमध्ये ३७७, सगळ्या प्रांतांत जास्त. पण त्याच मोजणीत हेही आहे की एक-तृतीयांशाच्या आसपास भांडणं मिटली, आणि ती मिटवण्यात कोर्टापेक्षा म्हाताऱ्यांच्या बैठका, सोयरिकी, वंशावळीतून शोधलेलं सामाईक नातं यांचा हात मोठा.

याच माराताबातचं दुसरं रूप २०१७ मध्ये दिसलं. २३ मे २०१७ ला, रमझान सुरू व्हायला थोडेच दिवस असताना, इस्लामिक स्टेटचं नाव घेणाऱ्या हत्यारबंद टोळ्या मारावीत घुसल्या. पुढारी दोन: त्याच प्रांतातलं माउते कुटुंब, आणि बाहेरून आलेला इस्निलोन हापिलोन. लढाई पाच महिने चालली, २३ ऑक्टोबरपर्यंत. अकराशेहून जास्त मेले, साडेतीन लाखांहून जास्त विस्थापित झाले. बाँबफेकीत शहराचा मध्य सपाट झाला, सुमारे अडीचशे हेक्टर. पहिल्या दिवसांत शहरात ख्रिश्चन कामगार अडकले होते आणि अतिरेकी रस्त्यात धर्म विचारत होते. नोरोदिन लुकमान या जुन्या सरदार घराण्यातल्या राजकारण्याने साठहून अधिक लोक आपल्या घरात लपवले. इतर ठिकाणी शेजाऱ्यांनी बायकांना आपले हिजाब दिले, कलमा पाठ करून घेतला. दारात आलेल्याला मरू दिलं तर घराण्याचा मान काय राहिला? हाही माराताबातच.

लढाई संपली तरी मधल्या भागातल्या लोकांना वर्षानुवर्षं घरी परत जाता आलं नाही. भरपाईचा कायदा २०२२ मध्ये झाला. मग निघाली कागदाची भानगड. अमेरिकनांनी जिथे छावणी केली होती, तो सुमारे ६,६६८ हेक्टरचा पट्टा १९५३ मध्ये लष्करी राखीव म्हणून जाहीर झालेला आहे आणि शहराचा मोठा भाग त्यातच बसतो. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं, वंशावळी शे-दोनशे वर्षांच्या तोंडपाठ, आणि सातबाऱ्यासारखा कागद हातात नाही! पुनर्वसन म्हणजे काय हे ज्यांनी बघितलंय त्यांना मी जास्त सांगायला नको. शांतता आली म्हणावी तर ३ डिसेंबर २०२३ ला युनिव्हर्सिटीच्या व्यायामशाळेत, रविवारची ख्रिश्चन प्रार्थना चालू असताना, बाँब फुटला. चौघे गेले. मुसलमान आणि ख्रिश्चन पोरं एका वर्गात बसावीत म्हणून काढलेली युनिव्हर्सिटी ती हीच. वर्ग नंतर पुन्हा भरले.

सेमिनार झाल्यावर सरांनी विचारलं, "तोरोगान वीस मिनिटांपैकी किती मिनिटं होतं?"

"आठ, सर."

"आठाचे मार्क देतो." आणि बरे दिले.

त्या रात्री घरी फोन केला. आबांना भूकंपाच्या घरात रस नव्हता. तळं, वीज, बिल हे सगळं ऐकून घेतलं, मधे मधे हं हं केलं. माशांचं सांगितलं तेव्हा मात्र थांबवलं आणि म्हणाले, "सतरातले पंधरा? नावं काय त्यांची?" मी वहीतून वाचून दाखवली, जीभ वळेल तशी. मग ते आपल्या जुन्या नदीतले मासे सांगायला लागले. खडशी, मरळ, वांब, आणि एक काळ्या ठिपक्याचा, पावसाच्या पहिल्या लोंढ्याला वर चढणारा. त्याचं नाव त्यांना आठवेना. म्हणाले, "थांब, तुझ्या आजीला विचारतो," आणि फोन तसाच ठेवून आत गेले.